तंबू येईपर्यंत

शरयू काकूंचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस जरा मागे सरकायचा. बाई अंगानं किरकोळ, आणि आवाज भरलेल्या विहिरीतून यावा तसा. मंडळाच्या गणपतीत माईक बिघडला की कोणीतरी म्हणायचंच, "माईक राहू द्या, काकूंना बोलवा." मग त्या आरती सुरू करायच्या, आणि शाळेच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये मागच्या दाराशी दंगा करणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची.

पण हा आवाज मराठीतला. इंग्रजीत शिरताना तो दाराशी चपला काढून ठेवल्यासारखा लहान व्हायचा.

काकूंचे यजमान उल्हास रेवतकर अमेरिकेतल्या वूस्टरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. घर शेजारच्या श्रूजबरीत, तळ्यापासून जवळ. लग्न होऊन काकू इथं आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, भाषा काय, पावसासारखी अंगावर पडेल आणि मुरेल. तशी ती मुरलीही. वर्तमानपत्र त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या. पण औषधाच्या दुकानात काउंटरवरची बाई काकूंचं बोलणं संपेपर्यंत काकूंकडे बघायची, आणि संपलं की शेजारी उभ्या असलेल्या लेकीकडे, नीलाकडे. नीला तेव्हा काउंटरच्या उंचीचीही नव्हती. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं की बाई हसून वळायची आणि बाटली काढून द्यायची.

तिथून ते सुरू झालं. फोन वाजला की नीला धावायची. शाळेत शिक्षकांना भेटायला गेलं की आईच्या वतीनं नीला स्वतःच्याच तक्रारी ऐकून घ्यायची आणि स्वतःच त्यांची उत्तरं द्यायची. "आई, लेट मी," एवढे दोन शब्द. त्यात प्रेमच होतं. काकूंनाही ते कळायचं, म्हणून तर त्यावर रागावता यायचं नाही. पोर पंधरा वर्षांची झाली तोवर काकू बाहेर फक्त "हॅलो" आणि "थँक यू" म्हणत होत्या. मधलं सगळं मुलीकडे सोपवलेलं.

अशा बाईनं सुपरमार्केटच्या फळ्यावर 'अंधांसाठी वाचणारे हवेत' अशी चिठ्ठी वाचावी आणि घरी कोणाला न सांगता गाडी काढून वूस्टरला जावं, याचं उल्हासरावांना पुढे कितीतरी दिवस नवल वाटत होतं. मला ते तितकंसं वाटत नाही. काकूंचं लहानपण अचलपूरचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घरात एक आत्या होती, तिला अक्षरओळख नव्हती आणि पोथीचं वेड होतं. श्रावणात दुपारी जेवणं आटोपली की आळीतल्या बाया ओसरीवर जमायच्या आणि शरयू वाचायची. आठ वर्षांच्या पोरीसमोर म्हाताऱ्या बायका हात जोडून बसायच्या. त्या हात तिला जोडत नव्हत्या हे तिला कळत होतं, पण आवाज तिचा होता.

त्या ओसरीवरचा एक नियम होता. पोथी मरणावर मिटायची नाही. अभिमन्यू पडला आणि तेवढ्यात दिवेलागण झाली, तरी उठायचं नाही. पुढे वाचायचं, कोणी आधार देईपर्यंत, पोथीत काहीतरी बरं घडेपर्यंत. आत्या म्हणायची, "ऐकणारीला मढ्यापाशी एकटं बसवून जाऊ नये गं. घरी जाऊन तिला भाकऱ्या थापायच्या असतात."

वूस्टरचं वाचन चर्चच्या तळघरात चालायचं. तिथं दोन छोट्या खोल्या होत्या. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, मध्ये एक काच. काचेच्या पलीकडे टेपचं यंत्र. कारभार डोरीन हॅलॉरन नावाच्या बाईकडे. साठीची, उंच, चष्मा साखळीला लटकवलेला. तिनं काकूंकडून चार ओळी वाचून घेतल्या, मान एका बाजूला कलती करून ऐकल्या आणि म्हणाली, "शेरी, तुझा आवाज सुंदर आहे. पण आमची माणसं म्हातारी आहेत. त्यांना फक्त कान उरलेत. त्या कानांना मी किती कष्ट देऊ?"

शरयू तिला जमायचं नाही, म्हणून शेरी.

काकू म्हणाल्या, "ओके." आणि सहा महिने टेपच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिल्या. अंधांच्या टपालाला तिकीट लागत नाही, एवढी एक नवी गोष्ट त्यांना त्या काळात कळली. घरी त्या "लायब्ररीचं काम आहे" एवढंच सांगायच्या.

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात जिनीचा घसा बसला. जिनी तिथली सगळ्यात चांगली वाचणारी, पूर्वी रेडिओवर होती. नेमकं तेव्हा कोणा ऐकणाऱ्यानं मागून घेतलेलं एक वाचन अर्धवट पडलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या अध्यक्षांनी दर वर्षी अमेरिकेच्या संसदेला दिलेले अहवाल, जाड खंडातले. त्यातला अठराशे अठ्ठ्याहत्तरचा, अध्यक्ष हेज यांचा, राहिला होता. बाकीच्या वाचकांनी तो खंड बघून लगेच खोकायला सुरुवात केली.

"मी वाचते," काकू म्हणाल्या.

डोरीननं चष्मा डोळ्यांवर चढवला. "यात खजिना आहे, टपालखातं आहे, आरमार आहे. माणूस झोपून जाईल."

"मी नाही झोपणार."

"बरं. हे एक करून बघू. ऐकणाऱ्यानं नावं ठेवली नाहीत, तर गुरुवार सकाळ तुझी. ठेवली, तर पुन्हा चिठ्ठ्या. कबूल?"

"कबूल."

जाता जाता डोरीननं सांगितलं, त्या काळी अध्यक्ष स्वतः संसदेपुढे येतच नसत. लिहून पाठवायचे, आणि तिथला कारकून उभा राहून सगळं मोठ्यानं वाचायचा. काकू त्या कारकुनाचा विचार करत घरी आल्या. शब्द दुसऱ्याचे, अधिकार दुसऱ्याचा, आणि घसा मात्र आपला. खाली बसलेल्यांतले निम्मे जांभया देत असतील, निम्मे आपल्या गावाचं नाव येतंय का याची वाट बघत असतील. तो कारकून कोणाच्या लक्षात राहिला असेल? त्याच्या आवाजात काही हललं असेल का कधी, की सवयीनं सगळं सारखंच झालं असेल, मरणं आणि जकात?

टेपच्या पहिल्या बाजूला आधीच्या वर्षाचा अहवाल जिनीनं वाचून ठेवलेला होता. उरलेल्या जागेत काकूंनी सुरुवात करायची, खोलीतला लाल दिवा लागला की टेप संपत आली असं समजायचं, चालू परिच्छेद पुरा करून थांबायचं. मग बाजू उलटायची. एवढा साधा नियम.

काकूंनी सुरुवात केली. देवाचे आभार, इतर देशांशी शांतता, भरघोस पिकं. आवाज आधी दबकत होता, मग त्याला वाट सापडली. आणि लगेच पुढे मिसिसिपी नदीच्या खालच्या अंगाला आलेली साथ. पीतज्वर. किती गावं, किती आजारी, किती गेले, किती नुकसान. लाल दिवा लागला तो नेमका तिथं.

काचेच्या पलीकडे डोरीन फोन घ्यायला उठली होती. काकूंनी दिव्याकडे पाहिलं. पानावर माणसं नुकती मेली होती.

त्या थांबल्या नाहीत. पुढे वाचत गेल्या. चारी दिशांनी डॉक्टर आणि नर्सेस धावून आल्या. लोकांनी पैसे, सामान पाठवलं. सरकारनं औषधं पाठवली, अन्न पाठवलं, तंबू पाठवले. तंबू आल्यावर काकूंनी श्वास सोडला आणि पुस्तकावर हात ठेवला. डोरीन परत आली, तिनं टेप उलटली. दुसरी बाजू पुढच्या विषयापासून, परराष्ट्र व्यवहारापासून, सुरू झाली. काकूंनी आरमार वाचलं, खजिना वाचला, टपालखातं वाचलं. कोणी झोपलं नाही.

डिसेंबर लागला आणि एका दुपारी नीला शाळेतून येऊन सँडविच खात असताना डोरीनचा फोन आला. फोन अर्थातच नीलानं घेतला.

"आई, कंप्लेंट आलीय. तुझ्या टेपची. ती म्हणाली, गुरुवारी येऊन बोल." आणि मग घास थांबवून, "वेट. तू टेपवर बोलतेस? यू? इंग्लिशमध्ये?"

काकूंनी गॅस बारीक केला. "बोलत नाही. वाचते."

"कोणासाठी?"

"ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी."

नीलानं सँडविच खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते काकूंनी पाहिलं आणि पाठ फिरवून आमटी ढवळायला घेतली. टोमणा असता तर परवडला असता. ती दया होती.

त्या गुरुवारी काकू गेल्या नाहीत. पुढच्याही नाहीत. उल्हासरावांना सगळा प्रकार कळला तेव्हा ते म्हणाले, "अगं, फुकटचं काम, वर बोलणी खायची. सोड की."

"सोडलंच आहे," काकू म्हणाल्या.

"मग भाजीत मीठ का नाही?"

शनिवारी बर्फ पडत होतं. उल्हासराव बाहेर फावडं घेऊन गेलेले. फोन वाजला, नीलानं घेतला, आणि बराच वेळ नुसतं "एक्स्क्यूज मी? सॉरी?" करत राहिली. शेवटी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "आई, कोणी मिस्टर टेट आहे. साउथचा आहे, मला त्याचं काही कळत नाहीये. टेपवर वाचणाऱ्या बाईचं नाव ऐकून ऑपरेटरकडून नंबर काढला म्हणतो. रेवतकर एकच आहेत ना बुकात."

काकूंचे हात पिठाचे होते. "सांग त्यांना, सॉरी म्हणावं. आता दुसरी बाई वाचेल."

नीलानं सांगितलं. ऐकलं. पुन्हा हात ठेवला. "तो म्हणतोय, तू त्या लोकांना तसंच टाकून का गेलीस?"

"कुठल्या लोकांना?"

"आय डोन्ट नो, आई! मेलेल्या लोकांना."

काकू पिठाच्या हातांनी उभ्या राहिल्या. "टाकून नाही गेले. डॉक्टर आले म्हणावं. तंबू आले."

नीला फोनमध्ये म्हणाली, "माय मदर सेज डॉक्टर्स केम." मग ऐकून, "तो म्हणतो, नाही आले." मग काकूंकडून, "आले म्हणावं!" मग तिकडून, "नाही." अशी दोनतीन वळणं झाली. नीला एका इंग्रजीचं दुसऱ्या इंग्रजीत भाषांतर करत होती आणि दोन्ही बाजू तिच्यावरच ओरडत होत्या. शेवटी तिनं रिसीव्हर आईच्या खांद्यात खुपसला. "तूच बोल. माझी केमिस्ट्रीची टेस्ट आहे." आणि वर निघून गेली.

काकू म्हणाल्या, "हॅलो." पुढचं म्हणायला शेजारी कोणी नव्हतं.

पलीकडचा आवाज म्हातारा होता, संथ, शब्द लांबवणारा. ऑरन टेट. रेल्वेत पोर्टर होते, आता निवृत्त. मूळचे मेम्फिसचे. काचबिंदूनं डोळे गेलेले. "मॅडम," ते म्हणाले, "तुमची टेप त्या मेलेल्या माणसांवर संपते. मी बाजू उलटली तर तिकडे परराष्ट्र खातं. मला वाटलं यंत्र बिघडलं. पाच वेळा लावली."

काकूंना तेव्हा कळलं. लाल दिव्यानंतर त्या जे वाचत गेल्या ते सगळं हवेत गेलं होतं. ऐकणाऱ्याला मढ्यापाशी सोडायचं नाही म्हणून त्या पुढे गेल्या, आणि नेमकं तिथंच त्याला सोडून आल्या. नियम मोडला नसता, डोरीनला नुसतं सांगितलं असतं, तर दुसऱ्या बाजूवर ते सगळं आलं असतं.

"मी वाचलं होतं," त्या म्हणाल्या. इंग्रजी तुटत होतं, पण आवाज आता दाराबाहेर थांबला नव्हता. "डॉक्टर आले. नर्सेस आल्या. तंबू आले. टेप संपली होती, मला कळलं नाही. चूक माझी."

मग ते म्हणाले, "तंबू आहेत ना त्यात?"

"आहेत."

"माझी आजी त्या तंबूत होती. मेम्फिसच्या बाहेर. सहा वर्षांची. घरातली सगळी माणसं गेली, ती तेवढी राहिली. आम्हाला म्हणायची, वॉशिंग्टनला अध्यक्षानं तंबूंची गोष्ट सांगितलीय, सगळ्यांसमोर वाचलीय. आम्ही हसायचो. वाटायचं, म्हातारी वाढवून सांगते." ते थोडे खोकले. "डोळे होते तेव्हा कधी शोधलं नाही. आता नाताळात सगळी मेम्फिसला जमणार आहेत. म्हटलं, ऐकवावं."

काकूंनी ओट्याला हात टेकला. पीठ ओट्याला लागलं. त्यांनी विचारलंच, "माझं बोलणं कळतं तुम्हाला?"

"पहिल्यांदा नाही कळलं. दुसऱ्यांदाही नाही. पाचव्यांदा सगळं कळलं." आणि मग शांतपणे, "मला घाई नाही, मॅडम. पण जिनीबाईंनी वाचलेलं ऐकताना मी पहिल्याच वेळी झोपलो होतो."

गुरुवारी काकू तळघरात गेल्या. डोरीन त्यांना पाहून कामात आहे असं दाखवू लागली. मग म्हणाली, "टेट यांनी मला सांगितलं. ती टेप पुन्हा करावी लागेल, शेरी. जिनीचा घसा मोकळा झालाय. ती करेल."

इथं एरवी काकू ओके म्हणाल्या असत्या.

"मी करणार," त्या म्हणाल्या.

"शेरी, नियम होता. परिच्छेद संपला की थांब."

"मेलेल्या माणसांवर थांबायचं?"

"दिवा लागला की थांबायचं!"

"दिव्याला काय कळतं?" काकूंचा आवाज वर चढला, आणि पलीकडच्या खोलीत वाचणाऱ्या एका गृहस्थानं काचेतून वळून पाहिलं. काकूंना ते दिसलं. त्यांनी आवाज खाली आणला नाही. "त्यांची आजी त्या पानावर आहे. मी तिला तिथं सोडून आले. जिनीनं नाही सोडली. मी सोडली, मीच बाहेर आणणार." मग जरा थांबून, "मी तुला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. तेवढं चुकलं. आणि माझं नाव शरयू आहे. श-र-यू."

डोरीननं चष्मा काढून पुसला. पुसायला त्यावर काही नव्हतं. "पण तू पुन्हा तेच करशील," ती म्हणाली. "जागा तेवढीच आहे. दिवा पुन्हा तिथंच लागणार."

काकूंनी यावर शनिवारपासून विचार केला होता. "मी आधीच थांबते. पिकांवर. शांतता आहे, पिकं आहेत, तिथं पहिली बाजू संपवू. साथ दुसऱ्या बाजूला सुरू होईल. आजार आणि तंबू एकाच बाजूला येतील."

"मग पहिल्या बाजूला शेवटी कोरी टेप राहील. म्हाताऱ्यांना वाटतं मशीन मेलं. फोन करतात मला."

"ते मी बघते."

डोरीननं खांदे उडवले आणि टेप लावली. या वेळी ती फोनला उठली नाही, काचेपलीकडे बसून राहिली.

काकूंनी वाचलं. घाई न करता, ओसरीवर वाचायच्या तसं, प्रत्येक वाक्य पुढच्या माणसाच्या हातात ठेवून मगच सोडत. देवाचे आभार. शांतता. पिकं. तिथं त्या थांबल्या. पुस्तकात पुढचा शब्द साथीचा होता. तो त्यांनी घेतला नाही.

त्यांनी पुस्तकावरून नजर उचलली. तळघरातला पहिला नियम दारावरच लावलेला होता, वाचणाऱ्यानं पदरचा एक शब्द घालायचा नाही. काकूंनी माईकजवळ तोंड नेलं आणि आपल्या इंग्रजीत, अचलपूरच्या सगळ्या स्वरांसकट, म्हटलं,

"आता टेप उलटा. पुढे वाईट बातमी आहे. पण उठू नका, मदत येते आहे."

काचेच्या पलीकडे डोरीनचं बोट टेपवरचा आवाज पुसायच्या बटणावर गेलं. ते तिथं थोडा वेळ राहिलं. मग तिनं बोट उचललं, टेप बाहेर काढली, उलटून पुन्हा आत घातली, आणि सुरू कर अशी हातानं खूण केली.